मोठ्या बाईंच्या डब्यातली डिस्क

१

नाश्त्याला वालाची उसळ आणि पाव होता. मी पाव मोडत होतो, तेवढ्यात मोठ्या बाई टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "उस्ता, हातातला घास खाली ठेवा. तुमची डिस्क गेली."

मोठ्या बाई म्हणजे बहिगाबाई. अलेक्झांड्रियात मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्या तरी आवाज निवृत्त झाला नाही, म्हणून जहाजावर सगळे त्यांना मोठ्या बाईच म्हणत. माझं नाव फिक्री, पण मला उस्ता, म्हणजे कारागीर, म्हणतात, कारण पोर्ट सैदला माझं फ्रिज दुरुस्तीचं दुकान होतं.

"गेली म्हणजे?"

"माझ्या बिस्किटांच्या डब्यात नाही. काल सकाळी होती. आज डबा उघडला, तर पिशवीसकट नाहीशी."

"बाकीचं?"

"सगळं जागच्या जागी. माझ्या बांगड्या, आईची कर्णफुलं, जपमाळ. बिस्किटंसुद्धा मोजून ठेवल्यासारखी." त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "उस्ता, मला तोंड दाखवायला जागा नाही. तुम्ही विश्वासाने ठेवायला दिली होतीत."

त्या डिस्कवर इनायतचे फोटो होते. इनायत माझी बायको. वसंतात गेली. हा लांबचा दौरा आम्ही दोघांनी मिळून ठरवला होता. मी तिची खाट रिकामी घेऊन एकटाच निघालो. तिचे सगळे फोटो त्या एका डिस्कवर होते. लॅपटॉपवरची प्रत ट्युनिसच्या अलीकडे पाण्यात गेली होती. घरी दुसरी प्रत नव्हती. म्हणजे आता कुठेच काही नव्हतं.

मी पाव पुन्हा बशीत ठेवला. मला ओरडावंसं वाटलं नाही. झोपावंसं वाटलं.

"मी व्यवस्थापकांना सांगितलंय," मोठ्या बाई म्हणाल्या. "माझ्या केबिनमध्ये शेजारपाजारच्या बायका येतात-जातात, दार मी लावतच नाही. पण पुरुष म्हणाल तर एकटा इद्रिस येतो, झाडायला आणि चादरी बदलायला. त्यांनी त्याला बोलावलंय. परवा टँजियर. डिस्क मिळाली नाही, तर त्याला तिथेच उतरवणार."

२

पाण्याची गोष्ट आधी सांगायला हवी.

ट्युनिसच्या अलीकडे माझ्या केबिनच्या छतातला पाइप फुटला. लॅपटॉप टेबलावर होता, तो भिजून बंद पडला. डिस्क वरच्या फळीवर टॉवेलात गुंडाळलेली होती, ती वाचली. त्या संध्याकाळी आम्ही नेहमीसारखे दिवाणखान्यात बसलो होतो. समुद्रावर असलं की संध्याकाळी सगळ्यांचं एकच काम: दिवसभराचे फोटो कॅमेऱ्यातून काढून डिस्कवर घालायचे. जहाजावरचं इंटरनेट इतकं मंद, की एक फोटो घरी पाठवायचा तर चहा गार व्हायचा.

गिर्गिसही तिथे होता. तो जहाजाचा फोटोग्राफर. जिन्यापाशी त्याचा कोपरा आहे, तिथे तो प्रवाशांचे फोटो काढून लावतो.

"उस्ता," तो म्हणाला, "दोन प्रती एकाच कपाटात ठेवल्या, तर ती एकच प्रत. एक तुझ्याकडे, एक दुसऱ्या मजल्यावर कुणाकडे तरी ठेव."

मोठ्या बाईंनी लगेच कारभार हातात घेतला. "मी उस्तांची ठेवते, उस्ता माझी ठेवतील. माझी केबिन खालच्या मजल्यावर, यांची वर. झालं."

"लग्नात असंच असतं," डॉक्टर वगीह म्हणाले. "तिची अक्कल याच्याकडे, याची तिच्याकडे. शेवटी दोघांकडेही काही नाही."

"डॉक्टर, तुम्ही बसबूसा खा आणि गप्प बसा," मोठ्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी डॉक्टरांचा बसबूसा, म्हणजे पाकातला रव्याचा केक, खातानाचा फोटो काढला. डॉक्टरांना साखर आहे. त्यांची मुलगी अलेक्झांड्रियाला बंदरावर घ्यायला येणार होती आणि मोठ्या बाई त्याच इमारतीत राहतात. डॉक्टरांनी बोट नाचवून म्हटलं, "बाई, एक दिवस तुमची ती डिस्क समुद्रात टाकीन."

इद्रिस कॉफीचे पेले गोळा करत होता. तो असवानकडचा, चाळिशीचा, घरी तीन मुली. त्याच्याच हाती अदलाबदल झाली. माझी डिस्क त्याने खाली नेली, बाईंची वर आणून दिली. फक्त पिशवी बाईंनी ठेवून घेतली. निळा मणी लावलेली कापडी पिशवी त्यांनी स्वतः शिवली होती. "तुमच्या डिस्कलाही नजर लागायला नको," असं म्हणून त्यांनी माझी डिस्क त्या पिशवीत घातली.

आमच्या टेबलावरची सामीची आई त्या संध्याकाळी नव्हती. तिचं नाव दुर्रिया. तिला बोट लागली होती, ती ट्युनिस मागे पडेपर्यंत केबिनमध्ये लिंबू हुंगत पडून होती.

नंतर नव्या डिस्कचा विषय निघाला, तेव्हा गिर्गिस म्हणाला, "माझ्याकडच्या संपल्या. टँजियरला घेऊ, मग तुझी दुसरी प्रत करून देतो." एवढीच काय ती वाट पाहायची होती.

३

इद्रिस धुलाईच्या खोलीबाहेर बाकावर बसला होता. त्याला कामावरून थांबवलं होतं.

"काका, तुम्ही पण विचारायला आलात?"

"हो."

"विचारा."

"तू घेतलीस?"

"मी घेतली असती तर कर्णफुलं का सोडली असती? तीन मुली आहेत मला. तीन लग्नं." तो हसला, पण ते हसणं लगेच मावळलं. "आणि डिस्कच हवी होती, तर मीच तर ती खाली नेली होती. वाटेतच हरवली म्हणून सांगितलं असतं. तुम्ही काय केलं असतंत?"

तो रोज माझ्या खाटेवर टॉवेलाचं बदक करून ठेवायचा. इनायतच्या खाटेवरही ठेवायचा, कुणी न सांगता. त्या दिवशी दोन्ही खाटांवर नुसते घडी केलेले टॉवेल होते.

गिर्गिस त्याच्या कोपऱ्यात फोटो कापत होता.

"माझ्यावर संशय घ्यायला जागा आहे," तो म्हणाला. "मोठ्या बाई सगळ्यांचे फोटो फुकट काढतात, माझे फोटो भिंतीवर पिवळे पडतात. पण उस्ता, मला बाईंचे फोटो नाहीसे करायचे असते, तर मी तुझ्या केबिनमध्ये आलो असतो. बाईंची डिस्क तुझ्याकडे आहे. आहे ना अजून?"

मी वर जाऊन पाहिलं. बाईंची डिस्क उशीखाली होती. कुणी तिला हात लावला नव्हता.

४

दुपारच्या चहाला आम्ही चौघं होतो. मोठ्या बाई, डॉक्टर, मी आणि सामीची आई.

सामीच्या आईचा नवरा गेल्याला काही महिने झाले होते. ती नखशिखांत काळ्यात असायची. मुलांनीच तिला हवापालटाला पाठवलं होतं. मोठ्या बाई तिच्याही इमारतीतल्या, जहाजावर केबिनही शेजारची. बोट लागायची थांबल्यावर त्यांनीच तिला हात धरून आमच्या टेबलावर आणून बसवलं होतं. ती कमी बोलायची. मीही कमी बोलायचो. त्यामुळे आम्हा दोघांचं बरं जमायचं.

आदल्या दिवशी ती टेबलावर आलीच नव्हती. त्या दिवशी तिने हातमोजे घातले होते. काळे, मनगटापर्यंत. उन्हाने डेकवरचं लोखंड तापलेलं होतं.

"सामीच्या आई, हे काय?" डॉक्टर म्हणाले. "बर्फ पडतोय का?"

"चट्टे आलेत. खाऱ्या हवेने."

"दाखवा बघू."

"नको, डॉक्टर. जातील आपोआप."

तिने साखर ढवळायला चमचाही मोजे न काढता धरला. डॉक्टरांनी माझ्याकडे वळून दंडाला हात लावला.

"उस्ता, खरं सांगू? मी नाही घेतली. बसबूशासाठी चोरी करण्याइतका मी खाली आलेलो नाही. आणि घ्यायची असती तर तुमच्या उशीखालून घेतली असती. बाईंची डिस्क तिथे असते हे सगळ्यांना..." त्यांची नजर ताटलीकडे गेली. "बाई, एक तुकडा बसबूसा घेऊ का?"

"तुमच्या मुलीला विचारा."

सामीच्या आईच्या हातातला पेला बशीवर आपटला. चहा सांडला. ती उठली, "बोट हलली," म्हणाली आणि केबिनकडे निघून गेली.

समुद्र तेव्हा काचेसारखा होता.

५

मी डेकवर खुर्ची घेऊन बसलो. विचार करायला मला आवडत नाही. इनायत गेल्यापासून विचार एकाच ठिकाणी जाऊन थांबतात. पण इद्रिसचे रिकामे टॉवेल डोळ्यांपुढे होते.

फ्रिज बिघडला की गिऱ्हाईक म्हणतं, मशीन गेलं. मी आधी विचारायचो, मशीनने काय काम करायचं होतं? इथेही तेच विचारलं. चोराला काय हवं होतं?

सोनं नको होतं, ते शेजारीच पडलेलं होतं. इनायतचे फोटो? ते माझ्याशिवाय जगात कुणाला हवेत? तिच्या बहिणींनाही नकोत, त्या म्हणतात बघवत नाहीत. म्हणजे चोराला माझी डिस्क नकोच होती. त्याला मोठ्या बाईंची हवी होती. बाईंच्या डब्यात, बाईंच्या निळ्या मण्याच्या पिशवीत जे होतं, ते त्याने बाईंचं समजून उचललं.

आणि अशी चूक कोण करेल? इद्रिसने डिस्क स्वतःच्या हातांनी इकडून तिकडे केल्या. गिर्गिसने ती युक्ती सांगितली. डॉक्टरांनी तिच्यावरून लग्नाचा विनोद केला. तिघांनाही माहीत होतं, की बाईंची डिस्क माझ्याकडे आहे. चूक करू शकणारं माणूस एकच. जे त्या संध्याकाळी लिंबू हुंगत पडून होतं, आणि ज्याच्या हातून आज चहा सांडला, डॉक्टरांनी उशीचं नाव काढल्यावर.

पण तिला बाईंचे फोटो कशाला नकोसे झाले असतील?

मग मला परवाची संध्याकाळ आठवली. अल्जीयर्सला चढलेल्या एका मुलीचं लग्न ठरलं होतं. बायकांनी वरचा हॉल ताब्यात घेतला होता, पुरुषांना दारापाशीही थांबायची बंदी. आतून ढोलकी, टाळ्या आणि बायकांचा तो लांब, थरथरणारा आनंदाचा आवाज. डॉक्टर म्हणाले होते, "ऐका, ऐका. आतमध्ये सगळ्या अठरा वर्षांच्या झाल्यात." मोठ्या बाई कॅमेरा घेऊन आत गेल्या होत्या.

लग्न ठरलेल्या मुलीच्या संध्याकाळी बायका एकमेकींना काय लावतात, हे मला ठाऊक होतं. इनायतचे हात आठवडाभर तांबडे असायचे.

मी उठलो. हातमोज्यांच्या आत चट्टे नव्हते.

६

ती मागच्या डेकवर सावलीत बसली होती. मी शेजारी बसलो. मागे पाण्यावर जहाजाची पांढरी रेष पडत जात होती.

"सामीच्या आई," मी म्हणालो, "समुद्रात टाकलीत का? एवढंच सांगा. टाकली असेल तरी सांगा."

तिने पर्स उघडली आणि निळ्या मण्याची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

मी ती दोन्ही हातांनी धरली.

"काल टाकायलाच इथे आले होते," ती म्हणाली. "मग वाटलं, माझे तेवढेच पुसावेत, मोठ्या बाईंचे बाकीचे फोटो कशाला वाया घालवायचे. गुपचूप पुन्हा डब्यात ठेवून दिली असती. सामीने नातवंडांशी बोलायला लॅपटॉप दिलाय, त्याला लावली. तर आत एक बाई. माझी ओळखीची नाही. द्राक्षाची पानं भरतेय, गच्चीवर कपडे वाळत घालतेय, टोपी घालून इस्पितळात बसलीय." ती माझ्याकडे वळली. "फिक्रीभाऊ, सगळ्या फोटोंत त्या तुमच्यावर ओरडताहेत का?"

"जवळजवळ सगळ्या. तिला फोटो काढलेला आवडायचा नाही."

"शेवटपर्यंत पाहिले मी. थांबता आलं नाही." तिने डावा मोजा काढला. तळहातावर मेंदीचा गोल होता, बोटं पेरांपर्यंत रंगलेली. "पण हे कुणाला सांगू? मी नाचले. सामीचे बाबा जाऊन वर्षही झालं नाही आणि मी काळी ओढणी कमरेला बांधून नाचले. कुणीतरी ढोलकी वाजवली आणि माझे पाय उठले. मोठ्या बाई फोटो काढत होत्या. एकदम त्यांचा उजेड डोळ्यांवर पडला, मी तशीच निघून आले. तुम्हाला माहीत आहे त्या काय करतात. दौऱ्यावरून आल्या की सगळ्या इमारतीला बोलावून भिंतीवर फोटो दाखवतात. माझी मुलं पहिल्या रांगेत असतील. सुना असतील."

"आणि इद्रिस?"

तिने मान खाली घातली. "सकाळपासून दोनदा व्यवस्थापकांच्या दारापर्यंत गेले. आता जाते. मोजे काढून दाखवते आणि सांगते."

ती खरंच उठली. मी बसूनच होतो. खरं तर मला राग यायला हवा होता. एका गरिबाची भाकरी तिने दिवसभर टांगून ठेवली होती. पण रागालाही ताकद लागते. आणि डिस्क माझ्या हातात होती, उन्हाने गरम झालेली.

"बसा," मी म्हणालो. "मी जातो."

७

संध्याकाळच्या जेवणाला सगळे जमले होते. व्यवस्थापक आले, मी इद्रिसला बोलवायला लावलं. मग उभा राहून सांगितलं, की डिस्क माझ्याच कोटाच्या खिशात निघाली. मीच ती बाईंच्या डब्यातून परत आणली होती आणि विसरलो होतो.

डॉक्टर हळूच म्हणाले, "होतं असं, उस्ता. झोप लागते का? मी गोळी देतो." पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं, "बायको गेल्यावर माणसाचं असंच होतं." मला ते ऐकू येऊ नये म्हणून हळू म्हटलं होतं, पण आलं.

इद्रिसने माझ्याकडे पाहिलं. मी त्याची माफी मागितली, सगळ्यांच्या देखत.

"काका," तो म्हणाला, "मी बायकोला फोन केला होता. आपण परत येतोय म्हणून."

"पुन्हा कर. आत्ता कर. माझ्या नावाने शिव्या घाल."

"घालणारच आहे," तो म्हणाला आणि सूप वाढायला गेला. माझ्या ताटापाशी त्याने थोडं सांडलं. बहुतेक मुद्दाम.

जेवणानंतर मोठ्या बाई माझ्या समोर येऊन बसल्या.

"उस्ता, चाळीस वर्षं मुलींच्या थापा ऐकल्यात मी. तुम्ही माझ्या केबिनमध्ये कधी पाऊल टाकलं नाहीत. दारात उभे राहून सलाम करता तुम्ही."

"मोठ्या बाई, विचारू नका."

"नाही विचारत."

"एक मीच विचारतो. त्या बायकांच्या संध्याकाळचे फोटो. तुम्ही ते घरी भिंतीवर दाखवणार?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला शाळेत उशिरा आल्यासारखं वाटलं. "तुम्ही मला समजता काय? बायका डोक्यावरचं काढून बसल्या होत्या. ते फोटो डिस्कवर कोण घालतं? शाळेच्या सहलींपासूनचा माझा नियम आहे. शेवटी सगळ्याजणी कॅमेऱ्याभोवती बसलो, एकदा बघितले, पोट धरून हसलो, आणि सगळ्यांसमोर मी ते पुसले. डिस्कपर्यंत एकही गेला नाही." त्यांनी हातातला कप खाली ठेवला. "एकदोघी आधीच निघून गेल्या होत्या. त्यांनी नाही पाहिलं."

त्यांना कळलं असावं. त्यांनी त्या टेबलाकडे पाहिलं नाही, जिथे सामीची आई एकटी बसली होती. आपल्याच कपातला चहा संपवला आणि उठून गेल्या.

८

टँजियरला मी आणि गिर्गिस उतरलो, नवी डिस्क घेतली. दुपारभर त्याने प्रत केली. पट्टी पुढे सरकत होती आणि पडद्यावर इनायत ओरडत होती. गिर्गिस म्हणाला, "बाप रे, उस्ता, हिच्यासमोर तू कॅमेरा धरलास कसा?"

"लांबून," मी म्हणालो.

केबिनमध्ये परत आलो, तर एका खाटेवर टॉवेलाचं बदक होतं. इनायतच्या. माझ्या खाटेवर नव्हतं. ते बरोबरच होतं.

जहाज सुटलं, तेव्हा सामीची आई मागच्या डेकवरच होती. मी नवी डिस्क तिच्या हातात दिली.

"हे काय?"

"दुसरी प्रत. एकाच केबिनमध्ये दोन ठेवायच्या नसतात."

"मोठ्या बाईंकडे द्या. मला कशाला?"

"तुम्ही ती शेवटपर्यंत पाहिलीत. तुमच्याकडून ती पाण्यात जाणार नाही, हे मला आता माहीत आहे. मोठ्या बाईंबद्दल तसं कसं सांगू?"

ती किंचित हसली. मग मी तिला मोठ्या बाईंचं सांगितलं. फोटो त्याच संध्याकाळी पुसले, डिस्कपर्यंत पोचलेच नाहीत, आता ते कुठेच नाहीत. घाबरायचं काही कारण उरलं नाही.

मला वाटलं होतं, ती सुटकेचा श्वास टाकेल.

"सगळे पुसले?" तिने विचारलं.

"सगळे."

"एकही नाही ठेवला त्यांनी?"

"नाही."

टँजियरच्या पांढऱ्या भिंती मागे पडत होत्या. तिने उजव्या हाताचा मोजा काढला, तळहात कठड्यावर उन्हात उताणा ठेवला. मेंदी अजून गडद होती.

"याचा काढा," ती म्हणाली. "घरी पोचेपर्यंत हा रंग राहणार नाही."

मी गळ्यातला कॅमेरा उचलला. फोटोत फक्त हात आहे, आणि मागे पाणी. संध्याकाळी मी तो दोन्ही डिस्कवर घातला. एक माझ्याकडे असते, एक तिच्याकडे.